बसलेली बाई

आमच्या आमोण्याच्या घरात चित्र बघणं ही गोष्ट फक्त बाबांना येत होती. आई तसबिरीतल्या देवांना फूल वाहायची, विनूकाका खनिज वाहणाऱ्या बार्जवरच्या आपल्या कोपऱ्यात कॅलेंडरातल्या नट्या लावायचा, पण चित्रासमोर हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, आधी थोडं मागे सरायचं, उजेड कुठून येतो ते शोधायचं आणि मगच जवळ जायचं, हे बाबांचं. ते खाणीच्या कंपनीत नदीकाठच्या ऑफिसात कारकून होते. पणजीच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन बदललं की कुठूनसं त्यांना कळायचं आणि शनिवारी दुपारी ते मला म्हणायचे, "चल गो बाय, भिंती बदलल्या." मग आम्ही फेरीबोटीनं नदी ओलांडायचो, पलीकडे बस धरायचो, आणि पणजीत उतरल्यावर बाबा आधी रुमालानं बुटांवरची लाल धूळ पुसायचे. संग्रहालयात कधी जुन्या लाकडी मूर्ती असायच्या, कधी कोणा मुंबईच्या चित्रकाराचे नुसते रंगाचे पट्टे. बाबा त्या पट्ट्यांसमोरही तितकेच उभे राहायचे. एकदा एका म्हाताऱ्या कोळणीच्या चित्रासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. बाहेर पडल्यावर पाव-भाजी आणि मिरचीभजी, आणि माझ्यासाठी लिंबाचा सोडा. माझ्या लहानपणातलं सुख म्हणजे ते शनिवार. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी बापाचा सूड घेण्यासाठी लिहायला बसले आहे.

बाबांनी कधी आवाज चढवला नाही. हात तर कधीच उगारला नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते आईला काही म्हणायचे नाहीत. शांतपणे उठून मिठाची बरणी आणायचे आणि तिच्यासमोर ठेवायचे. "अजून थोडं हवं होतं का?" आई मान खाली घालायची. कधी कधी बरणी जेवण संपेपर्यंत तिथंच असायची, आणि कधी पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक जेवणाला पानाशेजारी. आम्ही मुलं हसायचो. आम्हाला ती गंमत वाटायची, कारण बाबाही हसत असायचे.

घरात खरं काम करायची ती काकी. विनूकाकाची बायको, सावंतवाडीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. काका बार्जवर खलाशी, खनिज भरून मुरगावला जायचा आणि चार-आठ दिवसांनी उगवायचा. तिचं नाव सुलोचना होतं, पण घरात तिला सगळे धाकली म्हणत. पहाटे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की उंडे पाव घ्यायला तीच पुढच्या दारी जायची. मग विहीर, गोठा, उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याची किसमूर, आमचे डबे, अंगणातली सकाळी काढून संध्याकाळी पुन्हा काढायची ती लाल धूळ. खनिजाचे ट्रक दिवसभर धक्क्याकडे जायचे आणि धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत गुलाबी व्हायचं. काकी जेवायची ती चुलीपाशी उकिडवी, ताट हातात धरून. आई तिला वाईट वागवायची असं नाही. आई तिला वापरायची, जसा आपण डावा-उजवा हात वापरतो. आज माझ्या घरी भांड्यांना येणारी बाई आल्या आल्या पंखा लावून स्टुलावर बसते, चहा मागते, आणि मला अजूनही क्षणभर दचकायला होतं.

तो चित्रकार बाबांना संग्रहालयातच भेटला. बडोद्याकडचा कोणी होता, दाढीवाला, थोडा तुटक मराठी बोलणारा. त्याला गोव्यातली नदी काढायची होती. बाबांनी आग्रहच धरला, आमच्याकडे या, नदी अंगणातून दिसते. तो आला आणि आमच्या सोप्यावर आठवडाभर राहिला. सकाळी बार्जी काढायचा, दुपारी घरी यायचा. बाबांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत त्यानं म्हटलं, तुमचं एक चित्र करतो. बाबांनी लग्नातला काळा कोट काढला, आपली हातांची मोठी खुर्ची जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, ओढली आणि ऑफिसला जाण्याआधी दोन-तीन सकाळी त्याच्यासमोर बसले. त्या खुर्चीत घरात दुसरं कोणी बसत नसे. असा काही नियम नव्हता, पण बसत नसे. दिवसा खुर्ची आत-बाहेर करू नका, उजेडाची जागा हलेल, असं चित्रकारानं सांगितल्यामुळे खुर्ची तशीच जनेलाशी राहिली आणि कोट तिच्या हातावर टाकलेला.

त्यातल्याच एका दुपारी मी सोप्यावर गणितं सोडवत होते. आई आत आडवी झाली होती. काकी चहाचे पेले उचलायला आली आणि चित्रकार म्हणाला, "जरा बसा ना."

"खंय?"

"खुर्चीवर. थोडा वेळ."

काकी हसली. "माका कदेलार बसूक जमना नाय," ती म्हणाली, जशी एखादी बाई मला पोहता येत नाही म्हणेल. कदेल म्हणजे खुर्ची. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग ती बसली, अगदी कडेला, पेले मांडीवर धरून. तो रेघा ओढत राहिला. बाहेर एका बार्जीनं भोंगा दिला. हळूहळू काकी मागे सरकली. पेले तिनं खाली ठेवले. थोड्या वेळानं एक पाय वर घेतला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडले, कोणीतरी त्यात काहीतरी देणार असल्यासारखे. मी गणितं सोडून तिच्याकडे बघत बसले, कारण ती कोणी वेगळीच बाई दिसत होती. दुसऱ्या दुपारीही ती बसली. तिसऱ्या दिवशी चित्रकार निघून गेला.

पावसाळा संपताना संग्रहालयातून निमंत्रण आलं. त्या चित्रकाराचं प्रदर्शन लागणार होतं. आपलं चित्र त्यात असणार याची बाबांना खात्री होती. त्यांनी ते ऑफिसात सांगितलं, साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आम्हीही येतो, आमच्या गाडीनं. मग बाबांनी सगळ्या घराला न्यायचं ठरवलं. आईनं जरीचं लुगडं काढलं. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, कडेवर घ्यायला आणि डबा धरायला काकी. काका बार्जवर होता. फेरीबोटीत बाबा ताठ उभे होते आणि ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "पणजीला. एक प्रदर्शन आहे."

साहेब आणि त्यांची बायको दारात थांबलीच होती. बाबांनी कसलीही घाई केली नाही. पहिल्या दालनात नदीची चित्रं होती, बाबांनी साहेबांना उजेड समजावून सांगितला. दुसऱ्यात बार्जी, धक्का, धुळीतले ट्रक. बाबा प्रत्येकापुढे थांबत होते, पण त्यांची नजर पुढच्या दाराकडे जात होती. शेवटच्या दालनात समोरच्या भिंतीवर एकच मोठं चित्र होतं. आमचं जनेल, आमची खुर्ची, आणि खुर्चीत काकी. पाय वर, हात उताणे, मान किंचित कलती. तिच्या कोपरापाशी, खुर्चीच्या हातावर, बाबांचा काळा कोट. खाली इंग्रजीत पाटी होती. बाबांनी ती वाकून वाचली आणि सवयीनं मला मराठीत सांगितली. "बसलेली बाई."

कोणी काही बोलायच्या आत साहेब हसले. मोठ्यानं, मनमोकळं. "अरे वा! कोट मात्र हुबेहूब आलाय हां तुमचा!"

बाबाही हसले. "चेहरा तेवढा बदलला," ते म्हणाले.

काकी मागे बाळूला घेऊन उभी होती. तिला आधी कळलंच नाही. मग साहेबांची बायको चित्राकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून चित्राकडे बघू लागली तेव्हा कळलं. "ह्या मी?" ती मला हळूच म्हणाली. आणि हसली. ते हसू मी विसरले नाही. लाजरं नव्हतं ते. शेजारीण खूप वर्षांनी भेटावी आणि बरी दिसावी, तसं होतं.

"किती छान बसलीय," साहेबांची बायको म्हणाली. "अगदी घरची मालकीण."

"हो ना," बाबा म्हणाले. "बसायची हौसच आहे तिला. आम्हाला मेल्यांना माहीत नव्हतं."

त्या दिवशी आम्हाला मिरचीभजी जास्तच मिळाली. परतताना बसमध्ये बाबांनी उठून काकीला आपली जागा दिली. ती नको नको म्हणत होती, आईही नको म्हणत होती, पण बाबांनी तिला बसवलंच आणि स्वतः आमोण्याच्या फेरीपर्यंत दांडी धरून उभे राहिले. सगळ्या बसला बाबा फार सज्जन वाटले असतील.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा सोप्याच्या मधोमध खुर्ची मांडलेली होती, तोंड रस्त्याकडे. पाठीवर काळा कोट. काकी उंडे घ्यायला आली आणि बाबा आईकडे बोट दाखवून म्हणाले, "धाकले, राहू दे. ती आणेल. तू बस."

काकीला वाटलं थट्टा आहे. आईलाही. पण बाबा खुर्ची धरून उभे राहिले, हॉटेलातला पोऱ्या गिऱ्हाइकासाठी धरतो तशी, आणि काकी बसली. "पाय वर," बाबा म्हणाले. "हात असे. हां. आता घरच्यांनाही बघू दे." ऑफिसला जाताना त्यांनी आईला सांगितलं की धाकलीनं कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, आणि परत येईपर्यंत ती तिथंच दिसली पाहिजे. आवाज तोच, मिठाची बरणी ठेवतानाचा.

पहिल्या दिवशी आम्ही मुलं हसलो. दुसऱ्या दिवशी शेजारी यायला लागले. बाबा संध्याकाळी लवकर घरी यायचे आणि येणाऱ्यांना काकीसमोर उभं करायचे. "जरा मागे या. असे. आधी उजेड बघा, डावीकडून येतोय. आता हात बघा. ह्या हातांत काय आहे? काही नाही. हेच तर चित्रकारानं पकडलंय." लोक हसायचे, बायका पदर तोंडाला लावायच्या. तिला जेवण ताटात वाढून आणून दिलं जायचं, सगळ्यांच्या आधी, पुरुषांच्याही आधी, आणि ती जेवत असताना बाबा समोर बसून बघायचे. मागीलदारी जायचं तर विचारून जायचं. एकदा तिनं माझ्याकडून लसणीच्या दोन गड्ड्या मागून घेतल्या आणि पदराखाली सोलायला लागली. बाबांनी पदर उचलून त्या काढून घेतल्या आणि मला म्हणाले, "बाय, चित्राला हात लावायचा नसतो. तुला शिकवलंय ना?"

त्याच संध्याकाळी काकी म्हणाली, "भावोजी, चुकलां माजां. पाया पडतंय. माका चुलीकडे जावंदे."

"चुकलं?" बाबांना खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "काय चुकलं? चित्रात एक चूक दाखव मला."

आईनं मध्ये पडायला हवं होतं असं आता कोणीही म्हणेल. आई तेव्हा विहिरीवर होती, गोठ्यात होती, चुलीपाशी होती. दोन बायकांचं काम एकटीनं ओढत होती आणि राग काढत होती तो काकीवरच. "बसली महाराणी," ती मला म्हणायची, काकीला ऐकू जाईल अशी. मला त्या वयात वाटायचं की काका आला की हे थांबेल. काकीलाही तसंच वाटत असावं, कारण नदीत भोंगा वाजला की तिची मान वळायची.

काका आला तो भर दुपारी, सुट्टीचा दिवस होता, बाबा घरीच होते. पायरीवर चपला काढता काढता त्यानं बायकोला खुर्चीत बघितलं आणि थबकला. बाबांनी त्याला सगळं सांगितलं, रंगवून, साहेबांच्या हसण्यासकट. "बघ विनू, कशी दिसते तुझी बायको?"

काकी त्याच्याकडे बघत होती. काका डोकं खाजवत उभा राहिला. मोठ्या भावाच्या घरात राहणारा माणूस, भावानंच लावून दिलेली नोकरी. त्यानं एकदा बाबांकडे बघितलं आणि मग तो हसला. "बरी दिसता," तो म्हणाला. "फुलां तेवढी घालूक होयीत." आणि पाय धुवायला मागे गेला.

काकीनं मान वळवली. ती रडली नाही. त्यानंतर तिनं कोणाला विनवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर यायच्या आधीच ती स्वतःहून खुर्चीत येऊन बसली होती, आणि कोट तिनं घडी करून जमिनीवर ठेवला होता.

हे थांबलं ते दयेनं नाही. आईची कंबर धरली. विहिरीवरून कळशी उचलताना तिथंच बसली आणि ओरडायला लागली. त्या रात्रीचं जेवण मी केलं, करपलेला भात आणि लोणचं. बाबांनी दोन घास खाल्ले, हात धुतले आणि सोप्यावर आले. "प्रदर्शन संपलं," ते म्हणाले. "धाकले, ऊठ. चूल बघ."

"नाय," काकी म्हणाली.

बाबांना आधी नीट ऐकू आलं नसावं. "ऊठ म्हणतो मी."

"माका हंयच बरां वाटता."

तोच आवाज, तितकाच शांत. बाबांचाच जणू. मी दारात उभी होते. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग हसण्याचा प्रयत्न करून आत गेले. पण सकाळीही ती तिथंच होती. रात्रभर हलली नव्हती. दुसरा दिवसही तसाच गेला. आई आतून कण्हत होती, गोठ्यात गुरं हंबरत होती. बाबा आपल्याच घरात बाकड्यावर बसून चहा पीत होते, आणि कुंपणापलीकडून शेजारी बघत होते. आता हसणारे लोक बाबांकडे बघून हसत होते. ते बाबांना सहन झालं नाही.

"विनू," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला उठव."

काकानं तिला हाताला धरून ओढलं. तिनं खुर्चीचा हात सोडला नाही. मग त्यानं केसांना धरलं. खुर्ची तिच्यासकट आडवी झाली आणि तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं. काका तरीही थांबला नाही, आम्ही बघत असतानाच त्यानं तिला लाथ मारली. इतक्या दिवसांत तिला कोणी बोटही लावलं नव्हतं, ते सगळं एकदम. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. असले प्रकार त्यांना बघवत नसत.

काकी उठली. विहिरीवर जाऊन तिनं चूळ भरली, तिच्यातून अर्धा दात पडला. आत जाऊन तिनं दोन लुगडी पिशवीत भरली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. रस्त्यावर पोचेपर्यंत कोणी तिला हाक मारली नाही. तिचा भाऊ पेडण्याकडे, तुये इथं औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. ती त्याच्याकडे गेली हे आम्हाला नंतर कळलं. काका एकदा आणायला गेला होता, तिच्या भावानं त्याला दारातूनच परत पाठवलं. घरात मग एक गडीबाई ठेवली. तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं की खुर्चीला हात लावायचा नाही.

दिवाळीनंतर एका शनिवारी बाबा बूट घालता घालता म्हणाले, "चल गो बाय, भिंती बदलल्या." मी गेले. दुसरं काय करणार होते? ज्या भिंतीवर काकी होती तिथं कोणा बाईनं केलेली मातीची भांडी मांडली होती, काळी, बिनझिलईची, वाकडी. ते चित्र कुठं गेलं, कोणी विकत घेतलं की चित्रकारानं परत नेलं, हे मी पुढं मोठी झाल्यावर तिथं विचारलं होतं. कोणालाच सांगता आलं नाही. बाबा त्या भांड्यांसमोर हात मागे बांधून खूप वेळ उभे राहिले. "बघ," ते मला म्हणाले, "किती साधं आहे. आणि किती माया आहे त्यात." आवाज भरून आला होता. ते ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

बाबा म्हातारे होऊन गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी तुयेला गेले. कोणी पाठवलं नव्हतं. काकी कारखान्यातून निवृत्त होऊन भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहत होती. औषधाच्या बाटल्या भरायच्या विभागात ती शेवटी मुकादम झाली होती, हाताखाली वीस पोरी. केस पांढरे, पुढचा दात सोन्याचा. तिनं मला लगेच ओळखलं, पंखा लावला, चहा टाकला, बशीत शेवेचे लाडू ठेवले. माझ्या मुलांची चौकशी केली. आईची नाही केली, काकाची नाही केली. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगितलं की बाबा गेले.

"कधी?"

मी सांगितलं.

ती पुढे झुकली. तिचे डोळे एकदम तरुण झाले. "त्रास झालो?"

"नाही," मी म्हणाले. "झोपेतच गेले. सकाळी चहा घेऊन गेलो तर..."

काकी मागे टेकली. बाहेर कारखान्याची पाळी सुटत होती, बायकांचे हसण्याचे आवाज रस्त्यावरून येत होते. ती ते ऐकत राहिली. मग तिनं मान हलवली, दूध नासल्यावर हलवावी तशी.

"शी," ती म्हणाली. "तो फुकट गेलो." आणि बशी माझ्याकडे सरकवली. "खा गो बाय. लाडू खा."